अण्णांच्या ब्रेकमध्ये प्रेसचं तेल

आता हे तुम्हाला सांगू की नको, ह्या विचारात माझा अर्धा कप चहा गार झाला. पण पोटात ठेवणं मला कधी जमलंय? तर ऐका. फक्त एक करा, मला मधे थांबवू नका. थांबलो की मी उठून दुसरीकडे जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मी तेव्हा अंबडच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात इंजिनियर होतो. मालक अण्णा देवरे, मूळचे सटाण्याकडचे. डाळिंबं सोडून रबरात पडलेले. माणूस एरवी आपल्यासारखं मराठी बोलणार, पण आनंद झाला किंवा राग आला की थेट अहिराणीवर. आम्हाला दोन्ही वेळा ते सारखंच ऐकू यायचं.

आम्ही ऑइल सील बनवायचो. ऑइल सील म्हणजे काय, हे मला विचारू नका. विचारलंत तर मी तासभर बोलेन. त्या काळात तर कोणी विचारलं नाही तरी बोलायचो.

बरं, थोडक्यात सांगतो. झाडाच्या चिकाचं साधं रबर तेलात टाका. फुगतं, लिबलिबीत होतं, कामातून जातं. आमचं रबर झाडाचं नव्हे, रसायनांतून तयार केलेलं. नाव नायट्राइल. महिनाभर तेलात बुडवून ठेवा, बाहेर काढा, जसंच्या तसं! ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधून तेल गळू नये म्हणून जी काळी रिंग बसवतात ती ह्याची. पेट्रोल पंपावरची नळी आतून ह्याचीच. छापखान्यातले शाईचे रोलर ह्याचे. रबर साच्यात दाबणाऱ्या, आमच्याकडे होती तसल्या मोठमोठ्या प्रेस शंभर टनांचा दाब देतात, त्यांच्या पोटात तेल धरून ठेवतं तेही हेच. जिथं तेल, तिथं नायट्राइल. हे माझं त्या वर्षांतलं ब्रीदवाक्य होतं. लग्नाच्या पंगतीत भजी वाढणाऱ्यालासुद्धा मी हे ऐकवलेलं आहे.

दुसरी माझी खोड म्हणजे स्वस्थ न बसणं. सीलं ओव्हनमध्ये ठेवली की मी दर थोड्या वेळानं दार उघडून बघणार. झाली का? आणखी किती? जरा इकडची तिकडे ठेवू का? आमच्याकडे सीलच्या कडा कापायला सुमनताई बसायच्या. त्या हातातली कात्री न थांबवता म्हणायच्या, "इलासभाऊ, लय फिरता बा तुम्ही. जरा कुठं तरी बूड टेकवा ना."

मी टेकवायचो. पण टेकवल्यावर पाय हलायला लागायचे.

तर त्या वर्षी एका मोठ्या ट्रॅक्टर कंपनीनं आमची सीलं मागवली. नमुन्याला. नमुने गेले, आणि काही दिवसांनी निरोप आला की त्यांचे इनामदार साहेब सोमवारी सकाळच्या गाडीनं मुंबईहून येतील, कारखाना बघतील आणि काय ते सांगतील. अण्णांनी हा निरोप सगळ्यांना उभं करून सांगितला. वर हेही सांगितलं, की हे काम मिळालं तर नवीन प्रेस येईल. नाही मिळालं तर आहे ती विकून ते सटाण्याला परत डाळिंबं लावणार. सुमनताईंची कात्री तेव्हा मात्र थांबली. सगळ्यांची पोटं त्या एका सोमवारवर होती, माझंही.

आता बघा माझं नशीब कसं. अण्णांचा ड्रायव्हर नेमका भाच्याच्या लग्नाला चांदवडला गेलेला. अण्णा स्वतः गाडी चालवत नसत. मग साहेबांना नाशिक रोड स्टेशनवरून आणायचं काम माझ्याकडे आलं. गाडी पांढरीशुभ्र, जुनी, पण अण्णांचा तिच्यावर भारी जीव. शुक्रवारी किल्ली हातात देताना त्यांनी एवढंच सांगितलं, की उद्या फक्त धुऊन ठेव.

फक्त धुऊन ठेव. हे तीन शब्द मी ऐकले असते तर आज मला तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं.

दुसरा दिवस शनिवार. आमच्याकडे एमआयडीसीत शनिवारी वीज बंद, म्हणून कारखाने बंद. सगळीकडे शांतता. मी एकटा, एक बादली आणि गाडी. गाडी धुतली. पुसली. परत धुतली. चाकं घासली. आरशावरची हळदीकुंकवाची बोटंसुद्धा काढली, आणि मग अण्णांच्या बायकोनं ती वाहनपूजेला लावली असतील म्हणून घाबरून परत लावली. तरी दहाच वाजलेले! आता करायचं काय दिवसभर?

मी बॉनेट उघडलं.

तिथं कोपऱ्यात ब्रेकच्या ऑइलची छोटी डबी. टोपी काढून बघितलं तर आत काळपट काहीतरी, दुपारपर्यंत उकळत ठेवलेल्या चहासारखं. मला ते बघवेना. एवढे मोठे साहेब ह्या गाडीत बसणार, आणि ब्रेकमध्ये हे? बदललंच पाहिजे. पण वीज नाही म्हणून आसपासची दुकानंही बंद. दुकानं उघडी असती तरी मी तिथवर जाईपर्यंत धीर धरला असता का, हा प्रश्नच आहे.

आणि मागच्या शेडमध्ये आमच्या प्रेसचं नवं कोरं हायड्रॉलिक ऑइल. सोनेरी, नितळ, बोटावर घेतलं तर मधासारखं.

माझं डोकं काय म्हणालं ते नीट ऐका. डोकं म्हणालं, प्रेस शंभर टनांचा दाब देते, ती ह्या तेलावर. तिच्यातली सीलं रबराची, त्यांना काही होत नाही. मग पायानं दाबायच्या एवढ्याशा ब्रेकला काय होणार? गाडीत तेल असतं, तेलाला नायट्राइल असतं, आणि नायट्राइल म्हणजे आपलं घरचं. इंजिनियर माणूस आहे ना मी! विचार असा पायरीपायरीनं केला मी, आणि एकही पायरी बरोबर नव्हती.

मी जुनं सगळं काढून टाकलं. नळ्या रिकाम्या केल्या, नवं तेल भरलं, पायडल दाबदाबून हवा काढली. पाथर्डी फाट्यापर्यंत चक्कर मारून आलो. काय ब्रेक लागत होता! मऊ, लोण्यासारखा. रविवारी मला घरी बसवेना, म्हणून परत येऊन आणखी एक चक्कर मारली. गाडी उन्हात उभी केली आणि फार समाधानानं घरी गेलो. असं समाधान मला फार कमी वेळा मिळालंय आणि दर वेळी ते महागात पडलंय.

सोमवार उजाडला. मी गाडीच्या वेळेच्या कितीतरी आधी स्टेशनवर हजर. फलाटावर इकडून तिकडे फेऱ्या मारत होतो, तेव्हा एका हमालानं मला विचारलं, की साहेब, तुमची बॅग हरवली का.

इनामदार साहेब उतरले. पन्नाशीचे, बारीक, राखाडी सफारी. आणि स्वभावानं माझ्या अगदी उलट. मी एक वाक्य बोललो की ते थोडा वेळ त्याच्याकडे बघायचे आणि मग उत्तर द्यायचे. असा माणूस शेजारी बसला की मला काय होतं सांगू? मला ती मधली शांतता सहन होत नाही. मी ती भरून काढतो.

गाडी निघाली आणि मी सुरू झालो. नायट्राइल, ट्रॅक्टर, पेट्रोलच्या नळ्या, छापखाने, सगळं. साहेब नुसते ऐकतायत. हो नाही, नाही नाही.  हे खूश आहेत की कंटाळलेत? अजून काहीतरी जोरदार सांगायला हवं, असं वाटलं आणि माझ्या तोंडून गेलं, "साहेब, लांब कशाला जायचं? ह्याच गाडीतलं बघा. हिच्यातलं सगळं रबर आमच्याच कारखान्यातलं आहे."

साफ खोटं. त्या गाडीत आमचं रबराचं नखसुद्धा नव्हतं.

साहेबांनी पहिल्यांदाच मान वळवली. "सगळं?"

"सगळं, साहेब. इंजिनपासून ब्रेकपर्यंत."

ब्रेकपर्यंत! हा शब्द मला कोणी बोलायला लावला? कोणी नाही. नुसतं 'सगळं' म्हणून मला भागत नव्हतं, म्हणून मी तो वर घातला.

आणि इथपासून गाडी जड व्हायला लागली. मी ॲक्सिलरेटर दाबतोय, इंजिन ओरडतंय, पण गाडी बैलगाडीच्या वेगानं. कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. मी आणखी दाबला. जरा वेळानं साहेब म्हणाले, की जळल्यासारखा वास येतोय. मी म्हणालो, रस्त्याकडेला टायर जाळत असतील. थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, की वास आपल्याबरोबर येतोय. मी म्हणालो, वारा त्या बाजूचा आहे. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून वारा कुठला आहे ते बघितलं आणि हात आत घेतला.

 काय झालं असेल? क्लच? इंजिन? ब्रेकचा विचार माझ्या डोक्यात येईना. ब्रेक तर मी स्वतः दुरुस्त केलेला!

नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नल लागला. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. सिग्नल सुटला, मी पाय काढला, आणि गाडी जागच्या जागी. पहिला गिअर टाकला, इंजिन आचके देऊन बंद पडलं. परत चालू केलं, परत बंद. मागे ट्रक, एसटी, रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न सुरू झाले. पुढच्या चाकांतून धूर यायला लागला, अगदी शेगडीतून यावा तसा.

मी खाली उतरून ढकलायला लागलो. हलेना. साहेबही उतरले आणि त्यांनीही खांदा लावला. ज्यांना शाल घालायची होती ते साहेब द्वारकेच्या चौकात आमची गाडी ढकलतायत! दोन रिक्षावाले आले. चौघांनी लावली ताकद, गाडी ढिम्म. एक रिक्षावाला म्हणाला, "काय भाऊ, सिमेंटमधी बसवली का गाडी?" मी पळत जाऊन रसवंतीवाल्याची बादली मागून आणली आणि चाकावर पाणी ओतलं. फस्स झालं, वाफ आली, आणि बघे वाढले. पुढे काय करायचं ते मला सुचेना, म्हणून मी आणखी एक बादली आणायला पळालो.

परत आलो तर साहेबांनी बॉनेट उघडलेलं. ते शांतपणे ब्रेकच्या डबीची टोपी फिरवत होते. टोपी निघाली. तिच्या आतलं रबराचं वायसर टोपीत मावत नव्हतं. टम्म फुगून पुरीसारखं बाहेर आलेलं, कडा वाकड्यातिकड्या. साहेबांनी ते दोन बोटांत धरलं. ते लोंबलं.

"हे फुगलंय," ते म्हणाले.

मी बादली घेऊन उभा.

"म्हणजे आतली ब्रेकची सीलंही फुगली असणार. म्हणून ब्रेक सुटत नाही." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही म्हणालात, हे तुमच्या कारखान्यातलं."

माझ्या हातातली बादली मी खाली ठेवली. परत उचलली. काय बोलू? आमचं आहे म्हणालो, तर आमची सीलं तेलात फुगतात हे साहेबांनी डोळ्यांनी बघितलेलं. झालं मग, प्रेस विकली, अण्णा सटाण्याला, सुमनताई घरी. आमचं नाही म्हणालो, तर मी खोटारडा, आणि वर मूर्ख. दोन्हीकडून मेलो. 

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. ते वायसर त्यात नीट गुंडाळलं. मग सफारीच्या बाह्या झटकल्या आणि शेजारच्या रिक्षावाल्याला म्हणाले, "नाशिक रोड स्टेशन."

मी हादरलो. म्हणालो, साहेब, कारखाना तर उलट्या बाजूला आहे.

"कारखान्यात जे बघायचं ते इथंच दिसलं," ते म्हणाले आणि रिक्षात बसले.

रिक्षावाल्यानं दांडा ओढला. रिक्षा थरथरली. आणि खरं सांगतो, मी काही ठरवलं नव्हतं. मी काही थोर माणूस नाही. मला फक्त ती रिक्षा निघालेली बघवेना. मी बादलीसकट रिक्षासमोर जाऊन उभा राहिलो.

"साहेब, ह्या गाडीत आमचं काहीही नाही. पाय पुसायचं रबरसुद्धा बाजारचं आहे. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"आणि तेल?"

"तेल आमचं आहे. प्रेसचं."

"कोणी घातलं?"

"मी."

"का?"

आता ह्या 'का'ला काय उत्तर द्यायचं?  मग जे होतं ते सांगितलं. "शनिवारी मला काही काम नव्हतं, साहेब."

बघे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी मला तिथंच, रिक्षात बसल्या बसल्या, सावकाश समजावून सांगितलं. ब्रेकमध्ये जे घालतात ते मुळात इंजिनच्या किंवा प्रेसच्या तेलाच्या जातीचं नसतं. म्हणून ब्रेकमधलं रबरही वेगळ्या जातीचं. त्याला आपलं तेल चालत नाही, आणि आपल्या नायट्राइलला तो ब्रेकमधला द्रव चालत नाही. मग त्यांनी विचारलं, की हे तुम्हाला माहीत नव्हतं का.

माहीत नव्हतं? कॉलेजच्या परीक्षेत ह्या प्रश्नाला मला चांगले मार्क मिळाले होते! मी म्हणालो, "माहीत होतं, साहेब. आठवलं नाही."

  मागून हॉर्न वाजतायत, हातात बादली, शर्ट भिजलेला.

मग ते म्हणाले, "तुमची सीलं आमच्या लॅबमध्ये कधीपासून तेलात बुडवून ठेवलीयत. त्यांना काही झालेलं नाही. ती पास आहेत. मी इथं फक्त माणसं बघायला येत होतो."

ऐकलंत? सीलं आधीच पास! मी गप्प बसलो असतो, गाडी नुसती धुतली असती, तोंड बंद ठेवून ती चालवली असती, तर काम खिशात होतं.  तरी मला राहवेना. मी विचारलं, मग माणसं कशी वाटली.

"अजून एकच बघितलाय," साहेब म्हणाले आणि रिक्षात सरकून त्यांनी मला जागा केली.

गाडी तिथंच रसवंतीवाल्याच्या भरवशावर सोडून आम्ही अंबडला निघालो. वाटेत मी एक शब्द बोललो नाही. दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे दाबून धरले होते.

फाटकाशी अण्णा शाल आणि नारळ घेऊन उभे. मागे सगळे कामगार ओळीनं. आधी त्यांचं तोंड आनंदानं फुललं, मग त्यांना रिक्षा दिसली, मग मी दिसलो. "गाडी कोठे शे?" ते म्हणाले, आणि मी समजलो की आता अहिराणी सुरू झाली.

साहेबांनी कारखाना बघितला. प्रेस बघितली, ओव्हन बघितला, सुमनताईंच्या शेजारी उभं राहून कडा कशा कापतात ते बघितलं. मी दारात उभा होतो. आत जायची हिंमत नव्हती आणि बाहेर थांबवत नव्हतं. चहा झाल्यावर साहेबांनी अण्णांना सगळं सांगितलं. वास, वारा, वायसर, काही सोडलं नाही. अण्णांचा चेहरा मला दिसत होता आणि तो मला नंतर कितीतरी दिवस जेवताना दिसायचा.

शेवटी साहेब म्हणाले, "शेठ, माल देणाऱ्याची चूक झाली की खरं काय घडलं ते आम्हाला महिनोन्महिने कळत नाही. हा माणूस माझी रिक्षा निघायच्या आत बोलला. ह्याच्या पोटात काही राहत नाही. आमच्या तक्रारींना उत्तर द्यायला ह्यालाच बसवा. माल सुरू करा."

काम मिळालं! सुमनताईंनी तोंडाला पदर लावला. कोणीतरी पेढे आणायला पळालं. नवीन प्रेस आली, डाळिंबं लांबली, आणि पुढची कितीतरी वर्षं महाराष्ट्रात कुठंही ट्रॅक्टर गळला की पहिल्या शिव्या मला मिळायच्या. तो माझा हुद्दा होता.

पण अण्णांनी त्या दिवशी साहेब गेल्यावर मला बाजूला घेतलं. ओरडले नाहीत. आवाज अगदी खाली होता, आणि त्यानंच मला रडू आलं.

"काम मिळनं, ते बरं व्हयनं," ते म्हणाले. "पण गाडी मनी शे, भो. तिनामा मना जीव शे. तू परत तिले हात लावू नको."

'मनी' म्हणजे माझी, एवढं अहिराणी मला कळत होतं. मी मान हलवली. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला ऑफिसबाहेर बोलावलं. तिथं एक नवी कोरी सायकल उभी. मला यायला-जायला. अण्णांनी तिचा ब्रेक दाबून दाखवला. साधा, लोखंडी दांडीचा.

"हाई ले," ते म्हणाले. "हिना ब्रेक दांडीना शेतस. तेल घालाले कोठेच जागा नै."

भला माणूस. पण मी त्यांना अजून पुरता कळलो नव्हतो. त्या सायकलचा ब्रेक दाबला की चाकाची कड अशी काही किरकिरायची, की माझे दात शिवशिवायचे. चार दिवस मी ते सहन केलं. पाचव्या दिवशी तेलाचं बोट घेऊन दोन्ही चाकांच्या कडांवरून सगळीकडे फिरवलं. आवाज गेला, एकदम झकास.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतारावरून जोरात फाटकात शिरलो आणि ब्रेक दाबला. आवाज आला नाही. ब्रेकही लागला नाही. आणि समोर, माझ्याकडे पाठ करून, अण्णा उभे होते.